एका रात्रीत शोधातून गेलेली हजारो पानं: इच.आयओ आणि पेमेंट कंपन्यांचं प्रकरण

२०२५ च्या जुलै महिन्यात संगणकखेळ विकणाऱ्या दोन ऑनलाइन दुकानांनी प्रौढांसाठीचा बराचसा माल मांडणीतून काढला. कुठल्या न्यायालयाचा आदेश नव्हता, कुठल्या सरकारची नोटीस नव्हती. पैसे वळते करून देणाऱ्या कंपन्या हात काढून घेतील, एवढी शक्यता पुरेशी ठरली.

या दोनपैकी स्टीम हे अवाढव्य दुकान, त्याच्या मागे व्हॉल्व्हसारखी श्रीमंत कंपनी. दुसरं इच.आयओ, छोटी टोळी चालवते असं. अभ्यासासाठी मी इच निवडलं आहे. ताकदवान दुकानाला जे जड गेलं ते लहान दुकानाला कसं मोडतं, हे तिथे स्पष्ट दिसतं, आणि स्वतःचं काहीतरी ऑनलाइन विकणारे आपल्यातले बहुतेक जण इचच्याच जातीचे आहेत.

ज्यांच्या पानांवर गदा आली त्या निर्मात्यांची आणि खेळांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कंपन्या आणि संस्था मात्र जाहीरपणे बोलल्या आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख नावानिशी केला आहे.

पार्श्वभूमी

लीफ कॉरकोरन यांनी २०१३ मध्ये इच.आयओ सुरू केलं. कल्पना साधी होती. कुणीही खातं उघडावं, आपला खेळ चढवावा, किंमत ठरवावी किंवा फुकट द्यावा. दुकानाचा वाटा किती हेही निर्मात्यानेच ठरवायचं. आपोआप भरलेला आकडा १० टक्के असतो, तो शून्यावरही आणता येतो. स्टीमचा नेहमीचा वाटा ३० टक्के आहे हे लक्षात घेतलं, की इचकडे कोण वळलं असेल ते समजतं. पहिलाच खेळ करणारे विद्यार्थी, एकट्याने काम करणारे, कागदावर खेळायच्या खेळांच्या नियमपुस्तिका लिहिणारे, चित्रकथा काढणारे. समलिंगी आणि पारलिंगी निर्मात्यांची तिथे मोठी वस्ती आहे. जून २०२० मध्ये वांशिक न्यायासाठी इचवरच्या निर्मात्यांनी आपले खेळ एका गठ्ठ्यात विक्रीला दिले आणि त्यातून ८० लाख डॉलरहून जास्त निधी जमला.

माल चढवण्यापूर्वी कुणी तपासत नाही, ही इचची ओळख. पान प्रौढांसाठी आहे की नाही, ही खूण निर्माताच करतो. पुढे जे घडलं त्याचं मूळ बऱ्याच अंशी या दोन वाक्यांत आहे.

स्टीमचं धोरण २०१८ पासून असं होतं, की बेकायदा असेल किंवा निव्वळ चिथावणीसाठी केलेलं असेल ते सोडून बाकी सगळं विकायला मोकळीक. २०२५ च्या वसंतात स्टीमवर स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारावरच बेतलेला एक खेळ आला. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तो विक्रीला बंद झाला आणि एप्रिलमध्ये निर्मात्यांनी तो स्टीमवरून पूर्णच मागे घेतला. तोच खेळ काही काळ इचवरही होता; इचने एप्रिलमध्येच त्यावर बंदी घातली.

या खेळाविरुद्ध आवाज उठवणारी ठळक संस्था ऑस्ट्रेलियातली, कलेक्टिव्ह शाउट. २००९ पासून ती स्त्रिया आणि मुलींच्या लैंगिक वस्तूकरणाविरुद्ध मोहिमा चालवते. एप्रिलनंतर तिने स्टीमवरच्या बलात्कार आणि कुटुंबांतर्गत लैंगिक संबंधांवरच्या इतर खेळांकडे लक्ष वळवलं. स्टीमने आपल्याला उत्तरच दिलं नाही, म्हणून पेमेंट कंपन्यांकडे गेलो, असं संस्थेचं म्हणणं आहे. ११ जुलै २०२५ रोजी पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा, डिस्कव्हर, जेसीबी (जपानी कार्ड कंपनी) आणि पेसेफ या कार्ड आणि पेमेंट कंपन्यांच्या प्रमुखांना उद्देशून तिचं खुलं पत्र प्रसिद्ध झालं.

इथे माझं मत सांगून टाकतो. तो एप्रिलमधला खेळ किळसवाणा होता, आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांचा संताप खरा होता. दुकानाने तक्रारीला उत्तर न देणं हीच या प्रकरणातली पहिली चूक, असं मी मानतो. दाद मागायला दुकानात दार नसेल, तर माणूस दुसरं दार शोधणारच.

पैशाची साखळी

गिऱ्हाईक कार्डाने पाच डॉलरचा खेळ घेतं तेव्हा पडद्यावर फक्त दुकान दिसतं. मागे साखळी असते. दुकानाचा करार स्ट्राइप किंवा पेपालसारख्या पेमेंट कंपनीशी. तिच्या मागे दुकानदाराच्या बाजूची बँक, जिला त्या व्यवसायात अ‍ॅक्वायरर म्हणतात. तिच्या पुढे व्हिसा किंवा मास्टरकार्डचं नेटवर्क, आणि शेवटी गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक. नेटवर्कचे नियम थेट दुकानाला लागत नाहीत, ते बँकेला लागतात. दुकानाने नियम मोडला तर दंड बँकेला होतो. बँक तो धोका पेमेंट कंपनीवर ढकलते, ती दुकानावर.

प्रत्येक कडीला वरच्या कडीची भीती, त्यामुळे प्रत्येक कडी नियमाचा जरा जास्तच कडक अर्थ लावते. वरून आलेला सावध सूर खाली पोचेपर्यंत हुकूम होतो. त्यात आणखी एक धाक आहे. करार मोडलेल्या दुकानदारांची एक सामाईक यादी मास्टरकार्ड सांभाळतं. त्यात नाव गेलं की पाच वर्षं राहतं, आणि दुसरी बँकही खातं द्यायला कचरते. लहान दुकानाच्या दृष्टीने हा धंदा बंद होण्याचाच मार्ग.

या प्रकरणात पुढे गाजलेला मास्टरकार्डचा नियम आहे ५.१२.७. त्यानुसार बेकायदा व्यवहार चालत नाहीतच, पण कंपनीच्या स्वतःच्या मते तिच्या नावलौकिकाला बाधा आणू शकेल असा व्यवहारही चालत नाही. उदाहरण म्हणून त्यात उघडउघड आक्षेपार्ह आणि गंभीर कलात्मक मूल्य नसलेल्या मालाचा उल्लेख येतो: संमतीविना लैंगिक कृत्यं दाखवणाऱ्या प्रतिमा, अल्पवयीनांचं शोषण, प्राण्यांशी संबंध. कलात्मक मूल्य आहे की नाही हे ठरवणार कोण, तर बँकेतला जोखीम विभाग. अत्याचारातून सावरलेल्या बाईने स्वतःच्या अनुभवावर केलेला खेळ आणि अत्याचाराची मजा विकणारा खेळ, दोन्हींच्या वर्णनात शब्द तेच येतात. शब्दांच्या यादीवरून चाळणी लावणाऱ्याला त्यांतला फरक दिसत नाही.

अडचण

जुलैच्या मध्यावर स्टीमने आपल्या नियमांत पंधरावं कलम घातलं. पेमेंट कंपन्या, कार्ड नेटवर्क, बँका किंवा इंटरनेट पुरवठादार यांच्या नियमांना बाधक ठरू शकेल असा मजकूर, विशेषतः काही प्रकारचा प्रौढ मजकूर, इथे चालणार नाही. 'ठरू शकेल' हे लक्षात घ्या. शेकडो खेळ उतरवले गेले, त्यांतले बरेचसे कुटुंबांतर्गत संबंधांच्या विषयाचे.

इचपुढचा प्रश्न जास्त अवघड होता. स्टीमकडे प्रत्येक खेळ मंजूर होऊनच दुकानात येतो, म्हणजे कुठे काय आहे याची निदान नोंद असते. इचकडे हजारो प्रौढ पानं होती आणि त्यांत नेमकं काय आहे हे एकगठ्ठा सांगू शकेल असं कुणी नव्हतं. पेमेंट कंपन्या 'तुमच्याकडे हे आहे का?' असं विचारत होत्या आणि इचला खात्रीने 'नाही' म्हणता येत नव्हतं.

पेमेंट बंद झालं असतं तर फटका फक्त प्रौढ पानांना बसला नसता. लहान मुलांचे कोडी सोडवायचे खेळ, शाळेसाठी केलेली साधनं, कागदी खेळांच्या पुस्तिका, सगळ्यांचीच कमाई त्याच नळातून येते.

समोर असलेले पर्याय

पहिला, नाही म्हणून उभं राहायचं. तत्त्वाला धरून, पण दुसरी पेमेंट व्यवस्था हाताशी नसताना हा सगळ्या निर्मात्यांच्या पैशावर लावलेला जुगार झाला असता. कॉरकोरन यांनी तो लावला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरा, फक्त नियमात न बसणारी पानं शोधून काढायची. हाच न्याय्य मार्ग. पण त्यासाठी आठवडे लागले असते आणि माणसं लागली असती. इचकडे दोन्ही नव्हती.

तिसरा, सगळी प्रौढ पानं एकदम शोध आणि यादीतून काढायची, नंतर एकेक तपासून परत आणायची.

चौथा, पानं दिसू द्यायची, पण प्रौढ पानांवरची विक्री तेवढी थांबवायची. फुकट पानांना हात लावायचा नाही.

काय केलं

२३ जुलैच्या रात्री तिसरा पर्याय अमलात आला. निर्मात्यांना आधी कळवलं नव्हतं. पानाचा थेट पत्ता ठाऊक असेल तर पान उघडत होतं, चित्रं होती, खाली वाचकांचे अभिप्राय होते. पण शोधखिडकीत खेळाचं अचूक नाव टाकलं तरी उत्तर रिकामं. जाहिरातीला पैसे नसलेल्या निर्मात्याला इचवर गिऱ्हाईक मिळतं ते शोधातून आणि विषयांच्या खुणांतून. तेच बंद झाल्यावर पान असून नसल्यासारखं.

२४ जुलैला निवेदन आलं. परिस्थिती झपाट्याने बदलली, दुकानाची पेमेंट व्यवस्था वाचवायला तातडीने पावलं उचलावी लागली, आधी सांगता आलं नाही, असा त्याचा आशय. एप्रिलमधल्या त्या खेळाचा आणि कलेक्टिव्ह शाउटचा त्यात उल्लेख होता. पुढे सविस्तर तपासणी होईल आणि आपल्या खात्याला जोडलेल्या पेमेंट कंपन्यांच्या नियमांत माल बसतो अशी खात्री निर्मात्यांना द्यावी लागेल, असंही त्यात होतं. त्यानंतर चालणार नाहीत अशा विषयांची यादी आली, आणि प्रौढ मालासाठी स्ट्राइपमार्फत कार्डाने पैसे घेणं थांबलं. आपल्या बँकांनी घातलेल्या बंधनांमुळे लैंगिक मजकुराला सध्या पाठबळ देता येत नाही, असं स्ट्राइपकडून इचला सांगण्यात आलं.

३१ जुलैला फुकट मिळणारी प्रौढ पानं शोधात परत यायला लागली. विकत मिळणाऱ्या मालाबद्दल बोलणी चालूच राहिली.

या घटनेतला माझ्या दृष्टीने निर्णायक क्षण २३ तारखेची रात्र नाही, एप्रिल आहे. तो खेळ इचवरून काढला तेव्हाच 'असा माल आपल्याकडे आणखी किती आहे?' हा प्रश्न विचारायला हवा होता. तेव्हा पेमेंट कंपन्यांचं दडपण इतकं आलेलं नव्हतं, हातात महिने होते. प्रौढ पानांच्या निर्मात्यांना एक छोटी प्रश्नावली पाठवली असती, कुठले विषय आहेत, चित्रं आहेत की फक्त मजकूर, विकत की फुकट, तर जुलैत इचकडे निदान कच्चा नकाशा असता. नकाशा असता तर दुसरा पर्याय निवडता आला असता.

दुसरा क्षण फुकट पानांचा. जिथे पैशाची देवाणघेवाणच नाही तिथे पेमेंट कंपनीच्या नियमाचा संबंध किती? आठवड्याभरात ती पानं परत आणता आली. मग सुरुवातीलाच चौथा पर्याय निवडून ती वगळता आली असती, असं मला ठामपणे वाटतं. त्या एका आठवड्यात ज्यांनी काही विकलंच नव्हतं त्यांनाही आपण चूक केल्यासारखं वागवलं गेलं.

पुढे काय झालं

खेळणारे आणि निर्माते खवळले. ऑनलाइन याचिकेवर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोकांनी व्हिसा आणि मास्टरकार्डच्या ग्राहकसेवेला फोन लावायला सुरुवात केली. १ ऑगस्टला गॉग या दुकानाने निषेध म्हणून तेरा खेळ दोन दिवस फुकट वाटले.

त्याच दिवशी मास्टरकार्डचं निवेदन आलं. आम्ही कुठल्याही खेळाचं मूल्यमापन केलेलं नाही, खेळांच्या दुकानांवर कुठलंही बंधन घालायला लावलेलं नाही, कायदेशीर खरेदी आमच्या नेटवर्कवर चालते.

व्हॉल्व्हने त्यावर जे सांगितलं ते या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. व्हॉल्व्हने विनंती करूनही मास्टरकार्ड त्यांच्याशी थेट बोललं नाही. ते पेमेंट कंपन्या आणि त्यांच्या बँकांशी बोललं, त्या व्हॉल्व्हशी बोलल्या. कायद्यात बसतं ते विकायचं हे आमचं २०१८ पासूनचं धोरण आहे, असं व्हॉल्व्हने कळवलं. पेमेंट कंपन्यांनी ते मान्य केलं नाही, आणि बोट दाखवलं नियम ५.१२.७ कडे, मास्टरकार्डच्या नावाला असलेल्या धोक्याकडे.

दोन्ही निवेदनं एकत्र वाचा. मास्टरकार्डने खरोखरच एकाही खेळाचं नाव घेतलं नसेल. तसं करायची गरजच पडत नाही. नियम इतका सैल लिहिलेला आहे, की भीतीपोटी खालच्या कडीने स्वतःच कात्री चालवावी. ज्याचा खेळ गेला त्याने विचारायचं कुणाला? दुकान म्हणतं पेमेंट कंपनी, ती म्हणते बँक, बँक म्हणते नेटवर्क, नेटवर्क म्हणतं आम्ही नाही. उपजीविकेवर परिणाम करणारा निर्णय झाला, आणि त्याची जबाबदारी घेणारा सही करणारा हात सापडत नाही. मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

स्टीमवर आणखी एक परिणाम ऑगस्टमध्ये समोर आला. जुलैच्या सुरुवातीपासून पेपालच्या बँकेने काही चलनांतले स्टीमचे व्यवहार बंद केले होते. डॉलर, युरो, पौंड, येन आणि कॅनडा व ऑस्ट्रेलियाचे डॉलर एवढ्यांतच पेपाल चालू राहिलं.

आपल्याकडचा त्याच महिन्यातला प्रसंग इथे आठवतो, कारण हत्यार तेच होतं. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. अशा खेळांचे व्यवहार करायला बँका आणि पेमेंट संस्थांनाही त्यात मनाई आहे. घाई झाली, चर्चा अपुरी झाली, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही तिथे मजकूर छापील आहे, तो कुणी मंजूर केला हे ठाऊक आहे, आणि कंपन्या त्याविरुद्ध उच्च न्यायालयांत गेल्या. इचवरच्या निर्मात्याला जायला असं ठिकाण नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

तुलनेसाठी फेब्रुवारी २०१२ मधलं स्मॅशवर्ड्सचं उदाहरण घेतो. हे ई-पुस्तकांचं दुकान. पेपालने त्याला काही विषयांवरच्या कामुक कादंबऱ्या काढायला सांगितलं, नाहीतर खातं बंद. मुदत थोड्या दिवसांची. चालक मार्क कोकर यांनी लेखकांना पत्र लिहून काय मागणी आहे, कुणाकडून आहे, आपण काय करतो आहोत, हे उघड सांगितलं. मुदत वाढवून घेतली. तोवर नागरी हक्कांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या संघटना पेपालविरुद्ध उभ्या राहिल्या. मार्चच्या मध्याला पेपालने धोरणाची व्याप्ती कमी केली: रोख बेकायदा ठरू शकणाऱ्या प्रतिमांवर राहील, फक्त मजकूर असलेल्या पुस्तकांवर नाही, आणि विषयच्या विषय बाद न करता एकेका पुस्तकाचा विचार होईल.

तिथे समोर एकच कंपनी होती, ही सोय इचला नव्हती, हे खरं. पण निर्मात्यांना आधी सांगणं इचच्याही हातात होतं. अगदी एका दिवसाची सूचना दिली असती तरी निर्मात्यांनी आपल्या वाचकांना थेट पत्ता पाठवून ठेवला असता.

मागणी लेखी आणि मालागणिक मागायला हवी. 'तुमच्याकडे आक्षेपार्ह माल आहे' असं कळवणाऱ्या कंपनीला उलट विचारावं: कुठलं पान, कुठला नियम, किती मुदत, अपील कुणाकडे. उत्तर येईलच असं नाही, पण नंतर सगळे कानावर हात ठेवतात तेव्हा तो कागद कामाला येतो. व्हॉल्व्हला नियमाचा क्रमांक सांगता आला, म्हणून तर मास्टरकार्डच्या निवेदनाला उत्तर देता आलं.

शब्द बदलून वेळ मारून नेण्याचा मार्ग टिकत नाही. जपानमधल्या डीएलसाइट या दुकानाने २०२४ मध्ये आक्षेपार्ह वाटणाऱ्या विषयखुणांची नावं बदलून पाहिली. एप्रिलमध्ये तिथे व्हिसा आणि मास्टरकार्ड बंद झालेच. दुकान तगलं ते जेसीबी हे जपानी कार्ड आणि पैसे भरायच्या इतर स्थानिक पद्धती आधीपासून रुळलेल्या होत्या म्हणून.

इचही जुलैनंतर प्रौढ माल स्वीकारणाऱ्या दुसऱ्या पेमेंट कंपन्यांच्या शोधात होतं. पण तगादा लागल्यावर नवा करार करायला बसलं की अटी समोरचा घालतो. प्रौढ मालासाठी वेगळी पेमेंट कंपनी, वेगळं खातं आणि वेगळी तपासणी ही व्यवस्था सगळं सुरळीत असतानाच उभी करायची. खर्च वाढतो, त्या मालावर दुकानाचा वाटा कदाचित १० टक्क्यांच्या वर न्यावा लागतो, आणि ते निर्मात्यांना पटवून द्यावं लागतं. सोबत तक्रारीला ठरलेल्या दिवसांत उत्तर देणारा एक माणूस नेमायचा, त्याचं नाव आणि पत्ता दुकानाच्या पहिल्या पानावर ठेवायचा.